नोंदीपासून बिलापर्यंत : ऊस माहितीचा आराखडा, डेटाबेस आणि क्लाऊड



ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, प्रयोगशाळा आणि ऊस बिल या पाचही कामांची माहिती येत्या गळीत हंगामापासून एकाच साठ्यात आणण्याचे काम आपल्या कारखान्याचे शेतकी खाते व संगणक विभाग मिळून करीत आहेत. हा साठा क्लाऊडवर राहणार आहे. गटवार सभांतून याविषयी पुष्कळ प्रश्न आले. "आमची नोंद ढगात गेल्यावर ती सापडायची कुठं?" असेही विचारले गेले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वर्ष-दीड वर्ष राबून पिकविलेल्या उसाचे पैसे ज्या नोंदीवर मिळायचे, ती नोंद कोठे व कशी राहते हे सभासदाने विचारलेच पाहिजे. म्हणून या अंकात हा विषय शेतीतलीच उदाहरणे घेऊन सोप्या भाषेत मांडीत आहोत.

मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो. संगणक हिशेब झटपट करतो, परंतु कोणता ऊस कोणाचा, कोणत्या रानातला, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. ते चुकीचे सांगितले गेले तर चुकीचे बिलही तो तितक्याच झटपट काढतो. क्लाऊडने यात काही सुधारत नाही. सुधारणा होते ती आराखडा नीट असला तर, आणि डेटाबेस व क्लाऊड त्या आराखड्याला घट्ट जोडलेले असले तर.

एका खेपेमागे किती नोंदी?

उसाची एक ट्रॉली काट्यावर येते तेव्हा तिच्यामागे किती कागद चालत येतात ते पाहा. शेअर्स विभागात सभासदाचे नाव व सभासद क्रमांक असतो. शेतकी खात्यात लागणीची नोंद असते : गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख. तोडणी विभागात टोळी, मुकादम व वाहन यांची नोंद असते. काट्यावर भरलेले वजन व रिकामे वजन होते. प्रयोगशाळेत रस तपासला जातो. हिशेब खात्यात बँकेचा खाते क्रमांक व सोसायटीची कपात असते. स्टोअरमधून खत किंवा बेणे उधारीवर नेले असेल तर त्याचीही वसुली असते.

पूर्वी या सात ठिकाणी सात वह्या होत्या. नंतर वह्यांचे संगणक झाले, पण पुष्कळ कारखान्यांतून प्रत्येक खात्याचा कार्यक्रम वेगळा राहिला. एकाने सभासद क्रमांक वापरला, दुसऱ्याने नाव, तिसऱ्याने आपला वेगळाच कोड पाडला. मग पंधरवड्याच्या बिलाला सगळे कागद समोर घेऊन, हा तोच का तो, असा मेळ घालावा लागतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची व उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद करण्यात आली. त्या १४ दिवसांतले कित्येक दिवस नुसता मेळ घालण्यात जाणे सभासदालाही परवडत नाही आणि कारखान्यालाही.

आराखडा म्हणजे काय?

घर बांधताना आपण आधी नकाशा काढतो, मग पाया खणतो. माहितीचेही तसेच आहे. कारखान्याच्या कारभारात मुख्य वस्तू कोणत्या, प्रत्येकीची ओळख कशावरून पटते आणि त्यांचे एकमेकींशी नाते काय, हे कागदावर मांडणे म्हणजे माहितीचा आराखडा. वस्तू व नाते अशा चित्राने आराखडा काढण्याची पद्धत पीटर चेन या शास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केली. आजही तीच पद्धत थोड्याफार फरकाने चालते.

हा आराखडा तीन पायऱ्यांनी करतात. पहिल्या पायरीवर फक्त बोलण्यातल्या वस्तू येतात : सभासद, जमीन, ऊस पीक, खेप, बिल. येथे संगणकाचा एकही शब्द लागत नाही, आणि ही पायरी शेतकी खात्यानेच करावयाची असते, कारण खोडवा म्हणजे काय हे संगणकवाल्याला ठाऊक नसते. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक वस्तूचे रकाने ठरतात, ओळखक्रमांक ठरतो आणि नाती पक्की होतात. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये कोणता रकाना कोणत्या प्रकारचा, किती लांबीचा, हे ठरते. पुष्कळ ठिकाणी पहिली पायरी सोडून एकदम तिसरीवर उडी घेतली जाते. बेणे न निवडता सरी सोडण्यासारखाच हा प्रकार आहे.

सातबारा : घरातलाच नमुना

हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. आपला सातबारा हा अशा आराखड्याचा उत्तम नमुना आहे. गाव नमुना ७ मध्ये जमीन व तिच्यावरील हक्क येतात. गाव नमुना १२ मध्ये त्या जमिनीतली पिके येतात. जमीन तीच राहते, पिके हंगामाला बदलतात, म्हणून दोन नमुने वेगळे केले आणि गट नंबराने एकमेकांना जोडले. एका खातेदाराच्या सर्व जमिनी एकत्र पाहावयाच्या तर ८-अ चा उतारा आहे. आणि यात काही बदल करावयाचा झाला तर तो थेट सातबाऱ्यावर खरडता येत नाही, नमुना ६ मध्ये फेरफार धरावा लागतो. हे नियम ज्यांनी घातले त्यांच्यापुढे संगणक नव्हता, पण माहिती कशी बांधावी हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्या आराखड्यात हाच धडा घेतला आहे. 'प्लॉट' म्हणजे जमिनीचा तुकडा हा एक तक्ता. 'ऊस नोंद' म्हणजे त्या प्लॉटात त्या हंगामात उभे असलेले पीक, हा दुसरा तक्ता. लागण तुटल्यावर खोडवा राखला तर प्लॉट तोच राहतो, पण नोंद नवी होते. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या तर खोडव्याची नोंद करताना लागणीची तारीख पुसली जाते, आणि या रानात गेल्या तीन वर्षांत एकरी किती टन आला हे कोणालाच सांगता येत नाही.

सामाईक जमिनीचेही असेच आहे. तीन भावांचा गट एक, ऊस एक आणि बिलाचे वाटे तीन. येथे एका प्लॉटाला एकच नाव लिहिण्याचा रकाना ठेवला तर दोघांची नावे पडतात आणि घरात तंटा होतो. म्हणून 'हिस्सा' असा स्वतंत्र तक्ता लागतो : प्लॉट क्रमांक, सभासद क्रमांक, वाटा. एका प्लॉटाचे अनेक हिस्सेदार आणि एका सभासदाचे अनेक प्लॉट, असे दुहेरी नाते असले की मध्ये असा जोडतक्ता घालावाच लागतो.

नावावर भिस्त ठेवू नये

आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे, बापाचे नावही सारखे असलेले दोन-तीन सभासद सहज निघतात. उलट एकाच माणसाची तीन नावेही असतात. सातबाऱ्यावर ज्ञानदेव, आधारवर ज्ञानेश्वर आणि गावात सगळे माउली म्हणतात. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. गावांचेही तेच. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत, शिवाय बुद्रुक आणि खुर्द वेगळे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला ६ अंकी संकेतांक दिलेला आहे. नावाऐवजी तो धरला की कोणते वडगाव हा प्रश्न मिटतो.

म्हणून प्रत्येक वस्तूला एक ओळखक्रमांक, जो दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही आणि मध्येच बदलणार नाही. सभासद मयत झाला तरी त्याचा क्रमांक वारसाला चिकटवायचा नाही. वारसाला स्वतःचा क्रमांक आणि दोघांचे नाते वेगळ्या नोंदीत. नाहीतर वडिलांच्या काळातली येणी-देणी मुलाच्या उसात मिसळतात आणि मग जुने खाते उलगडता उलगडत नाही.

रकान्याची शिस्त

आता एक उदाहरण हिशेबाने करून पाहू. क्षेत्राच्या रकान्यात १.२० असा आकडा आहे. शासकीय उताऱ्याच्या पद्धतीने वाचले तर ते १ हेक्टर २० आर झाले. परंतु बोलताना आपण एकर-गुंठ्यांत बोलतो. सभासदाने "एक एकर वीस गुंठे" सांगितले आणि लिहिणाऱ्याने तेही १.२० असेच लिहिले, तर काय होते? एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, सुमारे ६१ आर. १ हेक्टर २० आर म्हणजे १२० आर, जवळजवळ तीन एकर. क्षेत्र दुप्पट झाले. एकरी ४० टन अंदाज धरला तर ६० टनांच्या जागी ११८ टनांहून अधिक ऊस कागदावर दिसतो. तोडणी कार्यक्रम त्याच आकड्यावर बसतो. टोळी व वाहने त्या हिशेबाने त्या शिवारात जातात, चार-पाच दिवसांचे काम दोन-तीन दिवसांत आटोपते आणि तोवर पलीकडच्या शिवारात तुरा आलेला ऊस वाळत उभा असतो. बटण दाबणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

यावर उपाय आराखड्यातच करावा लागतो. क्षेत्राचा रकाना एकच, तो आरमध्ये. एकर-गुंठे सांगितले तर संगणकाने रूपांतर करून दाखवावे आणि सभासदाच्या तोंडून होकार घ्यावा. प्लॉटाचे क्षेत्र गटाच्या एकूण क्षेत्राहून जास्त भरले तर डेटाबेसने ती नोंद घेऊच नये.

तारखेचेही असेच आहे. ०७/०८ म्हणजे ७ ऑगस्ट की ८ जुलै? दोन्ही तारखा आडसाली लागणीतच बसतात, म्हणून चूक डोळ्यांना खुपत नाही, पण तोडणीच्या क्रमात प्लॉट महिनाभर पुढे-मागे होतो. तारखेच्या रकान्यात तारीखच भरावी, अक्षरे नव्हेत, आणि पडद्यावर महिन्याचे नाव अक्षरी दिसावे.

जातीचा घोळ तर सर्वांच्या परिचयाचा. एकाने 'को ८६०३२' लिहिले, दुसऱ्याने नुसते '८६०३२', तिसऱ्याने 'नीरा'. जात एकच, पण संगणकाने जातवार क्षेत्र काढले की तीन जाती दिसतात. 'कोएम ०२६५' आणि '२६५' चे तेच. म्हणून जातींची एक प्रमाण यादी ठेवून तिच्यातूनच निवड करावयाची. अशा यादीला मूळ यादी म्हणता येईल. गावे, जाती, बँका, सोसायट्या, टोळ्या, वाहने या सर्वांच्या मूळ याद्या आधी साफ केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

आणखी एक बारीक गोष्ट मराठी अक्षरांची. जुन्या संगणकांत मराठी टंकलेखनाला जे फाँट वापरीत, त्यांपैकी पुष्कळांत पडद्यावर मराठी दिसे, परंतु आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठविलेले असत. तो फाँट नसेल तेथे नाव उघडले की चित्रविचित्र खुणा दिसतात. १९९१ पासून युनिकोड ही जागतिक पद्धत आली. तीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत आहे. जुनी नावे क्लाऊडवर नेण्यापूर्वी युनिकोडमध्ये बदलून, एकेक गाव वाचून तपासावी लागतात. जोडाक्षरे व रफार येथेच मोडतात.

आराखड्यावरून डेटाबेस

तक्ता, ओळ आणि रकाना यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. ते अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत. त्यापूर्वी माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवीत. फांदीच्या टोकाची गोष्ट हवी तर बुंध्यापासून चढत जावे लागे. कॉड यांनी सांगितले की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि सारख्या क्रमांकाने तक्ते जोडा, म्हणजे हवा तो प्रश्न हव्या त्या बाजूने विचारता येईल. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७४ साली त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिलाच पुढे एसक्यूएल हे नाव पडले.

या पद्धतीतले दोन नियम सभासदांनी ध्यानात ठेवावेत असे आहेत.

पहिला नियम, एक गोष्ट एकाच जागी. बँक खाते सभासदाच्या तक्त्यात एकदाच. तेच बिलाच्या, ठेवीच्या व वाहतुकीच्या तक्त्यांतही लिहून ठेवले तर एका ठिकाणी बदलते, दुसरीकडे जुनेच राहते. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे आयएफएससी संकेतांक बदलले. असा बदल मूळ यादीत एकदा केला की सगळीकडे लागू व्हावा. आयएफएससी ११ चिन्हांचा असतो आणि त्यातले पाचवे चिन्ह शून्य असते. हा नियम आराखड्यात लिहिला तर शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' भरला जाताच डेटाबेस तो नाकारतो, आणि बिल बँकेतून परत येण्याची वेळ येत नाही.

दुसरा नियम, अनाथ नोंद घ्यायची नाही. खेपेच्या तक्त्यात ऊस नोंद क्रमांक असलाच पाहिजे आणि तो ऊस नोंदीच्या तक्त्यात सापडलाच पाहिजे. नाहीतर वजन झाले, ऊस गव्हाणीत पडला, गळाला, आणि तो कोणाचा हे नंतर शोधत बसावे लागते. गळून गेलेल्या उसाची ओळख पटविणे शक्य नसते.

आराखडा आणि डेटाबेस यांची जोडणी तीन तऱ्हांनी होते. नवे काम असेल तर आराखड्यावरूनच तक्ते तयार करून घेतात. त्यासाठीचे सॉफ्टवेअर आराखडा वाचून एसक्यूएलच्या आज्ञा आपोआप लिहिते. जुना डेटाबेस असेल आणि त्याचा नकाशा कोणाकडेच नसेल तर उलट वाटेने, डेटाबेस वाचून आराखडा काढतात. जुन्या विहिरीची खोली दोर सोडून मोजावी तसे हे आहे. आणि तिसरी तऱ्हा ताडून पाहण्याची. ऐन हंगामात घाईने कोणी एखादा रकाना वाढविलेला असतो. आराखड्यात त्याचा पत्ता नसतो. पुढच्या वर्षी नवा माणूस त्या रकान्याचा वेगळाच अर्थ लावतो. म्हणून ठरावीक मुदतीने आराखडा व डेटाबेस शेजारी ठेवून फरक काढावयाचा. येथे फेरफाराचा नियम लावावा : आधी आराखड्यात बदल, तारीख व सही, मगच डेटाबेसला हात.

जुन्यातून नव्यात नेताना

जुन्या रकान्यातली माहिती नव्या कोणत्या रकान्यात जाणार याची जोडयादी आधी करतात. 'नाव' या जुन्या एका रकान्याचे नव्यात आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे तीन होतात. 'क्षेत्र' रकान्यात काही गटांत एकर, काही गटांत हेक्टर असेल तर गटवार वेगळा नियम लागतो. नेऊन झाल्यावर ताळा पाहावयाचा. ओळींची संख्या जुळली का? एकूण क्षेत्र जुळले का? मागील हंगामाचे एकूण टनेज जुळले का? मग हेच गाववार, आणि शेवटी प्रत्येक गावातल्या काही नोंदी काढून वहीशी हाताने पडताळणी. एकूण बेरीज जुळली म्हणून हुरळून जाऊ नये. एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावे गेला तरी बेरीज बरोबरच येते.

क्लाऊड म्हणजे नेमके काय?

ढगात काही जात नाही. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या इमारतीत ठेवलेले, इंटरनेटने जोडलेले आणि भाड्याने मिळणारे संगणक. ॲमेझॉन कंपनीने ही सेवा २००६ साली सुरू केली. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१५ साली, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली भारतात आपली केंद्रे उघडली, आणि या तिघांचीही केंद्रे महाराष्ट्रात आहेत. तेव्हा माहिती कोठे राहते या प्रश्नाचे उत्तर जमिनीवरचेच आहे. करारात केंद्र भारतातले असावे अशी अट घालता येते, आणि ती घालावी.

कारखान्याला याचा उपयोग काय? गळीत हंगामात रात्रंदिवस काटा चालतो, तेव्हा मोठी संगणक शक्ती लागते. हंगाम संपला की काम थंडावते. स्वतःचा मोठा सर्व्हर घेतला तर तो पावसाळाभर रिकामा बसतो. क्लाऊडवर वापराप्रमाणे मीटर पडते. मात्र विजेच्या मोटारीसारखेच, बंद करायची विसरली की बिल चालूच राहते. यावर लक्ष ठेवणारा माणूस नेमावाच लागतो.

आराखडा क्लाऊडला जोडताना चार गोष्टी पाहतात. एक, पत्ता : कोणता डेटाबेस, कोणत्या केंद्रात. दोन, कुलूप : वाटेत माहिती सांकेतिक रूपात जावी, मध्ये कोणी वाचू नये. तीन, परवाना : कोणाला काय दिसावे व काय बदलता यावे. चिटबॉयला प्लॉट व तोडणीची चिठ्ठी दिसावी, बँक खाते दिसू नये. काटेवाल्याला वजन नोंदविता यावे, जुने वजन बदलता येऊ नये. चार, अर्थ : 'वजन' या रकान्यात भरलेले वजन आहे की निव्वळ, टनात की किलोत, हे दोन्ही टोकांना सारखेच समजलेले असावे. पहिल्या तीन गोष्टी संगणक विभाग पाहतो. चौथी आराखड्यातून येते, आणि ती नसली तर बाकीच्या तिन्ही व्यर्थ.

आता काट्याचे पाहू. ग्रामीण भागात इंटरनेट जाते हे सर्वांना माहीत आहे. म्हणून काट्यावरचा संगणक क्लाऊडवर अवलंबून ठेवायचा नसतो. वजन तेथल्या तेथे साठवावयाचे, पावती तेथेच द्यावयाची, आणि लाइन आली की साठलेल्या खेपा वर पाठवावयाच्या. यात एक धोका असतो. खेप पाठविली, वर पोचलीही, परंतु पोच यायच्या आत लाइन गेली, तर काट्यावरचा संगणक तीच खेप पुन्हा पाठवितो. दोनदा धरली तर कारखान्याचे नुकसान, आणि ते टाळायला आंधळेपणाने पुसली तर सभासदाचे. उपाय आराखड्यातलाच आहे. काटा क्रमांक, हंगाम आणि पावती क्रमांक मिळून खेपेची ओळख करावयाची. तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर डेटाबेस ती नवी म्हणून घेत नाही, आणि खरीखुरी दुसरी खेप असेल तर तिचा पावती क्रमांक वेगळाच असतो.

सभासदांच्या काही शंका

शंका : क्लाऊड बंद पडला तर बिल थांबेल का?
उत्तर : काटा व पावती चालू राहतील. माहितीची एक प्रत दुसऱ्या केंद्रात व एक कारखान्यात ठेवावयाची असते. नुसती प्रत ठेवून भागत नाही. ती प्रत उघडून माहिती परत उभी राहते का, हे हंगामापूर्वी एकदा करून पाहिलेच पाहिजे.

शंका : आमचा आधार, बँक खाते परक्याच्या हाती जाईल का?
उत्तर : वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्याचे मुख्य सूत्र. आराखड्यात प्रत्येक रकान्यापुढे 'खासगी' की 'सर्वसाधारण' असा शेरा ठेवला आहे. खासगी रकाना कोणी व केव्हा उघडला याची नोंद आपोआप होते.

शंका : सरकारी ई-पीक पाहणीतली नोंद चालत नाही का?
उत्तर : राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. ती पडताळणीला उपयोगी आहे. परंतु एका गटातले दोन वेगळ्या तारखांचे प्लॉट, जात, तोडणीचा गट हे तपशील कारखान्याला आपले आपण ठेवावे लागतात. गाव संकेतांक व गट नंबर सारखे लिहिले असतील तरच दोन्हींची तुलना करता येते.

शंका : उद्या कंपनी बदलायची झाली तर?
उत्तर : म्हणूनच आराखडा कारखान्याच्या मालकीचा हवा. करार संपल्यावर सर्व माहिती कोणत्याही संगणकावर उघडेल अशा रूपात परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे लागते. आराखडा आपल्या हाती असला तर माहिती दुसऱ्या घरी नेणे जमते. नसला तर घरमालक सांगेल ते भाडे भरावे लागते.

सभासदांनी काय करावे?

१. ऊस नोंदीची पावती हातात आल्याबरोबर वाचावी. गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख या पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावी.

२. क्षेत्र सांगताना एकर-गुंठे की हेक्टर-आर हे तोंडाने स्पष्ट सांगावे.

३. खोडवा राखला, ऊस मोडला किंवा बेण्याला दिला तर गट ऑफिसला लगेच कळवावे. जुनी नोंद आपोआप बंद होत नाही.

४. बँक खाते बदलल्यास पासबुकाची प्रत देऊन पोच घ्यावी.

५. सामाईक उसाचे वाटे तोडणीपूर्वी सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनी द्यावेत.

६. मयत सभासदाच्या वारसांनी तोड येईपर्यंत थांबू नये.

७. खेपेच्या पावतीवर आपला ऊस नोंद क्रमांक आहे ना, हे दर खेपेला पाहावे, आणि पावत्या बिल मिळेपर्यंत जपून ठेवाव्यात.

पहिल्या हंगामात जुनी पद्धत व नवी पद्धत शेजारी-शेजारी चालविण्यात येणार आहे. दोन्हींची बिले जुळली तरच जुनी बंद करावयाची. या काळात गट ऑफिसमधील कर्मचारी नोंद पडताळणीसाठी आपल्या वस्तीवर येतील. त्यांना सातबारा, ८-अ व पासबुक दाखवून, प्रत्यक्ष प्लॉटावर नेऊन सहकार्य करावे, आणि पडताळणीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये, अशी शेतकी खात्याची सर्व सभासदांना नम्र विनंती आहे.